गोधडीची दोन मिनिटं

९ जून, सोमवार

प्रिय भावास,

फोन तू उचलत नाहीस. मेसेजही पोचत नाहीत, म्हणजे माझा नंबर बंद करून ठेवला असणार. म्हणून कागद. तुझा नवा पत्ता आईकडून काढला. तिच्यावर चिडू नकोस, मी तिला तुझ्या जाकिटाचं निमित्त सांगितलं. जाकीट सोबत पाठवतेय, खिशाची शिवण आईने घातली आहे.

काम असं आहे. १८ फेब्रुवारीच्या प्रकाराची चौकशी समिती एक जुलैला बसतेय. तिघं आहेत, तिघंही बाहेरचे. तुझ्या जबाबासाठी त्यांनी तुला दोन पत्रं पाठवली आणि तू एकाचंही उत्तर दिलं नाहीस, असं त्यांचा कारकून मला सांगत होता. तू आता दुसऱ्या झूत नोकरीला आहेस, तुझ्यावर आमच्या संचालकांची सक्ती नाही, हे मला कळतं. पण तुझ्या जबाबाशिवाय फाइल मिटत नाही. ती मिटावी, एवढीच माझी इच्छा आहे.

माझा अहवाल जोडला आहे. तुला माहीतच असलेली हकीकत आहे : 'अकरा वाजून दहा मिनिटांनी ठेकेदाराच्या माणसांनी तोडायला घेतलेलं झाड भलत्याच बाजूला पडलं व अस्वलांच्या आवाराच्या भिंतीवर आडवं झालं. मादी अस्वल त्या खोडावरून चालत बाहेर आली. सायरन वाजवून प्रेक्षकांना कँटीनमध्ये व सर्पगृहात बंद करण्यात आलं. एक वृद्ध गृहस्थ तळ्याकाठच्या बाकावर राहून गेले. प्राणी प्रेक्षकाच्या दिशेने निघाल्यामुळे नाइलाजाने रायफल चालवावी लागली. मनुष्यहानी नाही.'

यात काही वेगळं वाटत असेल तर कळव. नसेल तर खाली 'सहमत' लिहून सही केलीस तरी पुरे.

आईचा गुडघा बरा आहे. कपाटातले तुझे गमबूट मी काढलेले नाहीत.

तुझी बहीण


१६ जून, सोमवार

ढब्या,

पाकीट मिळालं. आत तुझी चिठ्ठी असेल म्हणून मी ते दवाखान्याच्या दारातच फाडलं. चिठ्ठी नव्हती. माझाच अहवाल होता, आणि त्यात पेन्सिलीने एका शब्दाखाली रेघ होती. 'प्रेक्षकाच्या.'

सही नाही, 'असहमत' नाही, शिवीसुद्धा नाही. चार महिन्यांनी बहिणीला एक रेघ पाठवलीस.

ठीक आहे. आपण नीट बोलू.

तुला वाटतं की मला बंदूक चालवायची घाई झाली होती. आठव जरा. कँटीनमध्ये बासष्ट माणसं होती आणि मध्ये नुसती काच. पोरं काचेला नाकं लावून बघत होती, आया त्यांना मागे ओढत होत्या. भुलीचं इंजेक्शन मारलं तरी ते चढायला आठ-दहा मिनिटं जातात. सुई टोचल्यावर पिसाळलेलं जनावर त्या आठ मिनिटांत कुठे आणि कुणावर जाईल हे तुलाही सांगता आलं नसतं, मलाही नाही. दीडशे किलोचं अस्वल होतं ते. आपण तिला बाटलीने दूध पाजलं म्हणून तिचं वजन कमी होत नाही.

दूध मीही पाजलंय, ढब्या. तू हे सोयीस्कर विसरतोस. दवाखान्याच्या फरशीवर दर तीन तासांनी, पाळीपाळीने. तिच्या अंगावर काळी, तांबूस, राखी अशी केसांची ठिगळं होती म्हणून तू तिला गोधडी म्हणालास आणि रजिस्टरमध्ये तेच नाव मी शाईने लिहिलं. पहिल्या दाताच्या वेळी तिने ज्याचा अंगठा फोडला तो तू नव्हतास, मी होते.

एक सांगायचं राहिलं. काल कंपाउंडर माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. त्या दिवशी भुलीची बंदूक त्याच्या हातात होती, अहवालावर साक्षीदार म्हणून त्याचीच सही आहे. त्याला समितीने बोलावलंय.

"मॅडम, मी काय सांगू?"

"जे झालं ते सांग."

"म्हणजे जे बघितलं ते, की ज्यावर सही केली ते?"

मी त्याला सिरिंजा उकळायला लावलं. त्याने गुपचूप उकळल्या. बावीस वर्षं तो माझ्या हाताखाली आहे, पण माझ्याकडे न बघता काम करताना त्याला मी काल पहिल्यांदा पाहिलं.

ताई


२३ जून, सोमवार

ढब्या,

आज तळ्याकाठचे ते आजोबा आले होते. ते घड्याळं दुरुस्त करायचे, हे मला आजच कळलं. दुकान मुलाला दिल्यापासून रोज सकाळी बदकं बघायला येतात. कानातलं यंत्र त्या दिवशी त्यांनी बंद करून खिशात ठेवलं होतं. "दुकानात जन्मभर टिकटिक ऐकली, आता बदकांपाशी मला आवाज नको असतो," म्हणाले. सायरन वाजला, माणसं पळाली, त्यांच्या मागे हे सगळं घडलं आणि ते बदकं मोजत बसले होते. गोळीचा आवाज तेवढा छातीत जाणवला म्हणाले.

मी त्यांना खुर्ची दिली. बराच वेळ ते टोपी गुडघ्यावर फिरवत होते.

"तिचं वय काय होतं?"

"अकरा."

"अजून किती जगली असती?"

"झूमध्ये? पंधरा-वीस वर्षं."

"मी अठ्ठ्याहत्तर." मग लगेच हात हलवून म्हणाले, "वजाबाकी करायला आलेलो नाही मी. तुमचे आभार मानायला आलो होतो. चार महिने येईन येईन म्हणत होतो. पण इथे बसल्यावर ते तोंडातून निघतच नाहीये. त्या बाकावर आता बसवत नाही. माझ्यापायी गेली, असंच वाटत राहतं."

मी काय म्हणायला हवं होतं, ते तुला माहीत आहे आणि मलाही. मी म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका." आणि त्यांना फाटकापर्यंत सोडून आले.

परत आले आणि दाराला कडी घातली. तुझी ती पेन्सिलीची रेघ काढून समोर ठेवली.

तर आता लिहिते. कुणासाठी ते माहीत नाही, कारण तू तिथे होतास.

गोधडी खोडावरून उतरली आणि आधी तळ्याकडेच निघाली. पाच-सहा पावलं. तेवढं खरं आहे, अहवाल अगदीच हवेतला नाही. मी कँटीनच्या पायरीवर होते, रायफल खांद्याला. कंपाउंडर एक पाऊल मागे, भुलीची बंदूक भरलेली. तेवढ्यात तू खाद्यकोठीच्या दारातून बादली घेऊन बाहेर आलास आणि बादलीच्या कडीवर डबा आपटायला लागलास. रोज चार वाजता आपटतोस तसाच, त्याच ठेक्यात.

ती थांबली.

"ताई, थांब. ती ऐकतेय."

"बाजूला हो, ढब्या."

"दोन मिनिटं दे. दोनच मिनिटं. कोठीतून आत घेतो तिला."

मी वॉकीटॉकीवर संचालकांना विचारलं. ते म्हणाले, "निर्णय तुमचा, डॉक्टर." नियमही तसाच आहे : प्रेक्षकाला थेट धोका असेल तर गोळी, कीपर प्राण्याला वळवत असेल आणि प्राण्याने हल्ला केलेला नसेल तर कीपरला वेळ द्यायचा. तो नियम लिहिणाऱ्यांत तूही होतास, मीही होते. आणि तो बरोबरच आहे.

ती वळली. आजोबांकडे तिची पाठ झाली. ती तुझ्याकडे चालायला लागली. धावत नव्हती, चालत होती. तू मागे मागे सरकत होतास आणि तिच्याशी बोलत होतास. ते शब्द मला ऐकू आले नाहीत, पण सूर ओळखीचा होता. तुम्हा दोघांत बारा पावलं राहिली असतील.

तू मागितलेल्या दोन मिनिटांतले चाळीस सेकंद झाले होते.

म्हणजे 'प्रेक्षकाच्या' हा शब्द खोटा आहे. तो मी त्याच दिवशी दुपारी लिहिला, हात न थरथरता, आणि कागद कंपाउंडरपुढे सरकवला. त्याने वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि सही केली.

हे पत्र समितीला दाखवायचं असेल तर खुशाल दाखव.

ताई


२९ जून, रविवार

ढब्या,

आत्ताच चार वाजून गेलेत. तू आईशी फोनवर बोलतोयस. दर रविवारी तुझा फोन वाजला की मी चपला घालून जिन्यात येऊन उभी राहते, म्हणजे तुला मोकळेपणाने बोलता येईल. आज वही घेऊनच आलेय. पायरीवर बसून लिहितेय, वरच्या मजल्यावरची बाई दोनदा ओलांडून गेली आणि "किल्ली विसरलात का?" विचारून गेली. हो म्हटलं.

परवा समिती आहे. तुझा जबाब गेलेला नाही, हे मला कारकुनाकडून कळलं. म्हणजे तू मला पाडायलाही तयार नाहीस आणि सावरायलाही. यापेक्षा तू तिथे येऊन माझ्याविरुद्ध ओरडला असतास तर मला झोप लागली असती.

काल आईने मला स्वयंपाकघरात धरलं. तिला कळत नाही असं आपल्याला वाटतं, पण तिला सगळं कळतं. म्हणाली, "एका अस्वलापायी माझी दोन लेकरं दोन गावांना बसली आहेत. तू बरोबर असशील, तोही बरोबर असेल. मला तुमच्या बरोबर असण्याचं काय करायचंय?"

मी म्हणाले, "आई, मी बरोबर नाही."

ती भांडी विसळत होती. नळ बंद करून म्हणाली, "मग त्याला तसं सांग. मला काय सांगतेस?"

तर सांगते. त्या दिवशी मला कँटीनमधली बासष्ट माणसं दिसत नव्हती. आजोबाही दिसत नव्हते. रायफलवरच्या दुर्बिणीच्या काचेत ती होती आणि तिच्या पलीकडे, जरा धूसर, तू. तुझा तो वेडा शर्ट, बाहीची घडी एकीकडे वर एकीकडे खाली. बाबा गेले तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास आणि मी तुला शाळेत सोडताना गाड्यांच्या बाजूने स्वतः चालायचे. ती सवय गेलेली नाही. डोकं चाललंच नाही. नियम, वेळ, वजन, भुलीचा डोस, जे वीस वर्षं इतरांना शिकवलं त्यातलं काही आठवलं नाही. फक्त एवढंच, की याला काही झालं तर.

तुझ्या जागी दुसरा कुणी कीपर असता, तो हत्तीवाला असता, तो पक्ष्यांकडचा नवा पोऱ्या असता, तर मी त्याला दोन मिनिटं दिली असती. नक्की दिली असती. मनात म्हणाले असते, याला जनावर कळतं, बघू या. परक्याच्या जिवावर मी धीराने थांबले असते. तुझ्या जिवावर नाही थांबता आलं.

गोधडी तू तिथे होतास म्हणून मेली असं मी म्हणत नाही. माझ्या हातून मेली. पण त्या हाताला काय झालं होतं, ते तुला कळायला हवं.

आई वरून हाक मारतेय. फोन ठेवला असशील.

ताई


२ जुलै, बुधवार

ढब्या,

झालं. लगेच लिहितेय, कुणाकडून उलटसुलट कळायला नको.

कंपाउंडरला मी बाहेरच्या बाकावर गाठलं आणि सांगितलं, "जे बघितलंस ते सांग." तो म्हणाला, "तुम्ही आधी जा मॅडम, मग माझ्या तोंडातून निघेल." म्हणून मी आधी गेले.

अध्यक्षबाई निवृत्त सर्जन आहेत. बारीक आवाज, चष्मा नाकाच्या टोकावर. मी अहवाल मागे घेते म्हटल्यावर शेजारच्या वकिलाने लिहिणं थांबवलं. मी सगळं सांगितलं, तुला लिहिलं तसंच. मग बाईंनी विचारलं,

"समोर तुमचा भाऊ नसता तर?"

"दोन मिनिटं दिली असती."

"आणि त्या दोन मिनिटांत तिने त्या कीपरला फाडलं असतं तर?"

"तर आज त्याच्या घरच्यांसमोर बसले असते."

"काय सांगितलं असतंत त्यांना?"

मी समोरचा अहवाल उलटा करून ठेवला. त्या म्हणाल्या, "मीही चाळीस वर्षं ऑपरेशन करत होते. घरच्या माणसावर कधी सुरी धरली नाही. धरू देत नाहीत. तुमच्या झूने तुम्हा दोघांना एकाच पाळीत ठेवलं कसं?" संचालकांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि खूप वेळ पीत राहिले.

निकाल असा. खोटा अहवाल दिला म्हणून मला दोन महिने निलंबन. रायफल माझ्याकडून कायमची काढून घेतली. दवाखाना राहिला. कंपाउंडरला लेखी ताकीद. तो हसला, म्हणाला, "बावीस वर्षांत पहिल्यांदा माझं नाव कुणी नीट टाइप केलं." इथून पुढे नात्यातली माणसं आणीबाणीच्या तुकडीत एकत्र ठेवायची नाहीत. गोळी झाडणं चूक होतं का, यावर मात्र त्यांनी लिहिलं, 'निश्चित मत देता येत नाही.' तिघांनी दोन तास त्यावर घालवले म्हणे.

बाहेर आल्यावर मी आजोबांच्या घरी गेले. उभ्या उभ्या सांगितलं की गोळी सुटली तेव्हा तिची पाठ तुमच्याकडे होती. त्यांना ऐकू आलं नाही. यंत्र लावायला सांगून पुन्हा सांगितलं. त्यांनी यंत्र बोटाने कानात दाबून धरलं.

"म्हणजे माझ्यामुळे नव्हे."

"नाही."

आधी त्यांचे डोळे भरले. मग आवाज असा चढला की मी दोन पावलं मागे सरले. "अहो, मग हे चार महिन्यांपूर्वी सांगायला काय झालं होतं तुम्हाला? मी त्या दिवशी समोर बसलो होतो ना तुमच्या?" सून आतून धावत आली. त्यांनी मला पाणी विचारलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

तुझं उत्तर येईल अशी अपेक्षा ठेवून हे लिहिलेलं नाही.

ताई


११ ऑगस्ट, सोमवार

ढब्या,

तुझं पत्र शनिवारी आलं. आईने हातात दिलं आणि स्वतः चपला घालून जिन्यात जाऊन उभी राहिली. कुणाकडून शिकली, विचारू नकोस.

तुझं पत्र म्हणजे सहा ओळी. आता तोंडपाठ आहेत. 'इथे रायफलच्या तुकडीत माझं नाव घातलंय. नाही म्हणालो तर दुसऱ्याला देतील आणि त्याला सिंह आणि सोफा यांतला फरक कळत नाही, म्हणून हो म्हणालो. गेल्या आठवड्यात पहिल्यांदा कागदावर गोळी मारली. नेम बरा आहे. रात्री जेवण गेलं नाही. एकच विचारायचं आहे. त्या दिवशी तिचे कान कसे होते? मी बघितलेच नाहीत. माझं लक्ष पाय कुठे पडतोय याकडे होतं.'

दोन दिवस मी हा कागद घेऊन घरात फिरतेय.

मला वाटत होतं तुला माहीत आहे. या सहा महिन्यांत तू माझ्याशी बोलला नाहीस तो माहीत असल्यामुळेच, असं मी धरून चालले होते. आणि तू स्वतःलाच विचारत बसला होतास, की आपण तिला ओळखायला चुकलो का. ती आपल्यावर चालून येत होती का. ढब्या, हे कधी माझ्या डोक्यातच आलं नाही.

समितीने कानांबद्दल विचारलं नाही. त्यांना ठाऊक नसावं. मीही आपणहून सांगितलं नाही. खोटं असं काही बोलले नाही, पण हे मात्र तोंडातच ठेवलं. शनिवारी पहिल्यांदा मनात काय आलं तेही सांगते : 'मागे होते' असं लिहावं. दोन शब्द. तुझी बहीण बरोबर ठरते, समितीला न मिळालेलं उत्तर मिळतं, तू रविवारी फोनवर मला बोलावतोस. लिहिलंही होतं. तो कागद फाडला.

कान पुढे होते.

दोन्ही. मान जराशी खाली, तोंड मिटलेलं. दुर्बिणीत मला ते तुझ्यापेक्षा जवळून दिसत होतं. कान मागे म्हणजे राग, पुढे म्हणजे नुसती उत्सुकता, हे मला शिकवणारा तूच. ती बादलीकडे येत होती. तू तिला ओळखायला चुकला नाहीस. रोज चार वाजता यायची तशी ती तुझ्याकडे येत होती, आणि हे दिसत असताना मी चाप ओढला.

आता कुणी म्हणेल, कान अर्ध्या सेकंदात बदलतात. बदलतात. बारा पावलांवर तो अर्धा सेकंद पुरतो. हे मी स्वतःला रोज सांगते, आणि ते खोटंही नाही. पण तू 'काय झालं असतं' ते विचारलेलं नाहीस. तू विचारलंस कान कसे होते. तर असे होते.

जेवण गेलं नाही हे चांगलं लक्षण आहे. ज्याला कागदावर गोळी मारल्यावर भूक लागते त्याच्या हातात रायफल देऊ नये. श्वास अर्धा सोडून थांबव, पूर्ण सोडू नकोस. दुसरा डोळा मिटू नकोस, मी मिटायचे, ती चूक आहे. आजूबाजूचं दिसायला हवं. आणि तुमच्या त्या झूत तुझं कुणी असेल, जिवाभावाचा दोस्त, पुढेमागे बायको, कुणीही, आणि ते माणूस जनावराच्या पलीकडे उभं दिसलं, तर विचार करत बसू नकोस. रायफल शेजारच्याला दे. त्याचा नेम तुझ्यापेक्षा वाईट असला तरी दे.

ताई